कानांचा धर्म

सौंसर आणि पांढुर्णा हा आमचा मुलूख नकाशात मध्य प्रदेशाचा आणि घरात मराठीचा. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. रेघा अशा बदलत राहिल्या. परंतु १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीचा आवाज यांपैकी एकाही रेघेपाशी थांबला नाही. तुळशीपुढे दिवा लागला की आमच्या वडिलांच्या पिढीतील मंडळी रेडिओभोवती बसत. बोलणारा आपल्याशीच बोलत आहे, या निश्चिंत भावनेने ती ऐकत असत.

त्या निश्चिंतपणास आमच्यापुरता तडा गेला तो दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. अभियांत्रिकी शिकणारा आमचा भाचा सुटीत आला, तो तळहातावर मावणारे एक यंत्र घेऊन. जुन्या रेडिओत प्रत्येक कामासाठी निराळी जुळणी करावी लागे. या यंत्रात ॲन्टेनावर आलेली लहर आरंभीच अंकांत बदलते आणि पुढची निवड, गाळणी व उलगडा हे सारे सॉफ्टवेअर, म्हणजे एक प्रकारचे गणित, करते. म्हणूनच एकच यंत्र मध्यमलहरींपासून विमानांच्या संदेशांपर्यंत कोठेही कान लावू शकते. त्याच्या पडद्यावर लहरींचा जणू धबधबा कोसळत असतो आणि जेथे कोणी बोलत असेल तेथे एक उजळ रेघ उमटते. अंगठ्याने त्या रेघेवर जायचे, की आवाज हजर!

गच्चीवर बसून आम्ही छिंदवाड्याची गाणी ऐकली, डोक्यावरून जाणाऱ्या विमानाच्या वैमानिकाचे त्रोटक इंग्रजी ऐकले आणि पोरासारखे हरखलो. मग आणखी एक रेघ उजळली. भाचा म्हणाला, "मामा, ही कोणाची तरी वॉकीटॉकी आहे. पुढे जाऊ?" आम्ही म्हणालो, "थांब."

या एका शब्दाविषयीच हा लेख आहे.

जे बोलणे आमच्या गच्चीवर आपल्या पायांनी चालत आले, ते ऐकण्यात दोष कसला, असे कोणीही विचारील. वकिली सवयीने आम्हीही प्रथम कायदाच आठवला. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात सांगितले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात ठरविले. दूरसंचार अधिनियम, २०२३ यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा टिपणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, सांगितले आहेत. म्हणजे रस्ता सर्वांचा. पण त्यावरून जाणाऱ्याचे गाठोडे त्याचे.

परंतु कायदा आणि धर्म नेहमीच एका पावलाने चालत नाहीत. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ गुप्तपणे चालविला. १९५५ च्या नोव्हेंबरापासून १९६१ च्या डिसेंबरापर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या सीमेवरील रानांतून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' पोर्तुगीज व कोकणी भाषांत ऐकविला. आमच्या कोकणी वाचकांच्या घरी तो ऐकल्याच्या आठवणी असतील. सत्तेला ते ऐकणे रुचत नव्हते. तरी ते पाप होते असे कोण म्हणेल? बोलणाऱ्याने ते शब्द त्या श्रोत्यांसाठीच उच्चारले होते. तेव्हा कसोटी सत्तेच्या परवान्याची नाही. हा शब्द कोणास उद्देशून निघाला, एवढीच ती आहे. आणि त्या रात्री आम्ही या कसोटीस उतरलो नाही.

वॉकीटॉकीवर संत्र्यांच्या एका आवारातील दोन माणसे बोलत होती. आंबिया बहाराचे दिवस. पेट्या भरण्याची घाई. त्यांतील एका आवाजाने आवाराच्या मालकाचे नाव घेतले आणि आम्ही चपापलो. त्याच व्यापाऱ्याविरुद्ध आमच्या एका अशिलाचा दावा चालू होता. अशील छोटा बागाईतदार. तोडलेल्या मालाची मोजणी कमी दाखवून आपले पैसे बुडविले, ही त्याची तक्रार. खरखरीतून एक वाक्य स्पष्ट आले: "दुसरी वही वर ठेवू नको, वकिलाचा माणूस..." पुढचे खरखरीत बुडाले.

आम्ही यंत्र बंद करविले, भाच्याला चार उपदेशाचे शब्द सांगितले आणि हे बोलणे न्यायालयात कधीही आणावयाचे नाही असा निश्चय केला. वास्तविक पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्याच कारणाने तो त्याज्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. मलकानी यांच्या १९७२ च्या निकालात म्हटले आहे. तरीही आपण तो वापरीत नाही, याचे आम्हांस समाधान, किंबहुना थोडा अभिमानच, वाटला.

महिनाभराने व्यापाऱ्याकडून तडजोडीचा निरोप आला. रक्कम मागणीपेक्षा कमी होती, पण अगदीच टाकाऊ नव्हती. अशिलाने आम्हांकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "घेऊ नका. यांच्याकडे खोट्या हिशेबाची वही आहे, याची आमची खात्री आहे." खात्री कशावरून, हे त्याने विचारले नाही, वकिलाच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला. पुढे न्यायालयाच्या आदेशाने सर्व वह्या तपासावयास मिळाल्या. दुसरी वही निघाली खरी. तीत मजुरांना दिलेल्या उचलीचे हिशेब होते. आमच्या दाव्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. निकाल लागला तेव्हा अशिलाच्या पदरात पडले ते तडजोडीतल्या रकमेपेक्षा कमी होते.

अंधारात पाण्याचा बुडबुड आवाज ऐकून दशरथाने शब्दवेधी बाण सोडला. त्याचा नेम चुकला नव्हता. बाण आवाजाच्या उगमीच लागला. चुकले ते एवढेच, की आवाज म्हणजे हत्ती असे त्याच्या मनाने ठरविले आणि तेथे होता घागर भरणारा श्रावण. ही कथा आम्ही देवळाच्या सभामंडपात लहानपणापासून ऐकली होती. आपल्या गच्चीवर ती घडेल असे मात्र वाटले नव्हते.

आम्ही बाण सोडला नाही असे मानीत होतो. पण तो सुटलाच होता. न्यायालयात न नेलेले वाक्य आमच्या सल्ल्यात शिरले, आणि साक्षीदाराची होते तशी त्याची उलटतपासणीही झाली नाही. पाहिलेल्यावरून नजर वळविता येते, हाती आलेले परत करता येते. ऐकलेले मात्र परत करता येत नाही. 'ऐकावे, पण वापरू नये' हा नियम म्हणूनच आम्हांस आता पुरेसा वाटत नाही. मनुष्य आपले ज्ञान एका खणात कुलूपबंद ठेवू शकतो, असे तो नियम गृहीत धरतो. आणि मन हे तसले कपाट नव्हे. संयम पाळावयाचा असेल तर तो कानापर्यंत पोहोचण्यापूर्वी, अंगठ्यापाशीच, पाळला पाहिजे. रेघ उजळली, आवाज आला, तो आपल्यासाठी नाही हे कळले. तेथवर दोष नाही. त्यानंतरचा क्षण मात्र आपला. भाच्याने विचारले होते, "पुढे जाऊ?" त्याला कळले होते, आम्हांस नाही.

निकालानंतर आम्ही अशिलास सारे सांगितले आणि फी परत केली. त्याने पैसे मोजले नाहीत. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "वकीलसाहेब, ते बोलणं आपल्यासाठी होतंच कुठं?"

ते यंत्र भाच्याकडे आहे. तो आला की अजूनही आम्ही गच्चीवर बसतो, गाणी ऐकतो, बातम्या ऐकतो. मध्येच एखादी अनोळखी रेघ उजळते. तेव्हा आता आम्हीच म्हणतो, "पुढे चल."