चाल कोणाची?

वाचकहो, जुन्या गंभीर चालीवर कोणी बाजारातले गाणे बसवले, तर त्याला दोष द्यावा काय? भजनी मंडळींत हा वाद नेहमीचाच. सिनेमाची चाल अभंगाला लागली की जाणते नाक मुरडतात. अभंगाची चाल सिनेमात गेली की हळहळतात. निवाडा करण्याआधी एका चालीचा प्रवास पाहा.

१६०१ साली जर्मनीत हान्स लिओ हास्लर यांनी एक प्रेमगीत प्रसिद्ध केले. एका तरुणीपायी चित्त भांबावलेल्या माणसाचे ते गाणे. पुढे तीच चाल चर्चमधल्या स्तोत्राला लागली आणि विषय आला क्रूसावरील येशूच्या वेदनांचा. १७२७ साली बाख यांच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये ती पाच वेळा आली. १९७३ साली अमेरिकेत पॉल सायमन यांनी तिच्यावर ‘अमेरिकन ट्यून’ हे गाणे रचले. त्यात थकल्याभागल्या माणसाचे मनोगत आहे.

आता सांगा, ही चाल बाटली केव्हा? प्रेमगीतातून स्तोत्रात गेली तेव्हा पावन झाली म्हणावे, तर परत गाण्यात आली म्हणून अपवित्र कशी? स्वरांना सोवळे-ओवळे नाही. भाव गाणाऱ्याने आणायचा असतो. मात्र एक अडचण खरी आहे. ऐकणाऱ्याच्या मनात चालीला पहिले शब्द चिकटलेले असतात. अभंग ऐकताना पडद्यावरचा नाच आठवत असेल, तर ती चाल तिथे घेऊ नये, एवढा विवेक हवा.

मग हवे ते उचलावे काय? नाही. घेण्यात दोष नसला तरी ऋण आहेच. रशियाचे रॅखमनिनॉव्ह यांच्या पियानो कॉन्चेर्टोतली सुरावट एरिक कारमेन यांनी १९७५ साली ‘ऑल बाय मायसेल्फ’मध्ये घेतली. तिच्यावर आता कोणाचा हक्क नाही, असा त्यांचा समज होता. वारसांनी विचारले, तेव्हा उत्पन्नातला वाटा ठरला. कायद्याचा हिशेब मिटला.

काही ऋणे मात्र कायद्याच्या वहीत नसतात. बाख यांच्या पत्नीच्या १७२५ सालच्या संगीतवहीत एक छोटी नृत्यधून आहे. रचनाकाराचे नाव नसल्याने ती बाख यांचीच मानली गेली. तिच्यावरचे ‘अ लव्हर्स कॉन्चेर्टो’ हे गाणे १९६५ साली अतिशय गाजले. पुढे अभ्यासकांनी दाखवले, की धून ड्रेस्डेनचे ऑर्गनवादक क्रिस्टियान पेत्झोल्ड यांची. त्यांना आता पैसा पोचणार नाही. नाव तेवढे देता येते.

आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवली, म्हणून शब्द कोणाचे ते कळते. चालीला मुद्रा नसते. ती गाणाऱ्याच्या सचोटीवर सोपवलेली असते. तेव्हा भजनाला उभे राहाल त्या वेळी, चाल कोणाकडून आली हे ठाऊक असेल तर दोन शब्दांत सांगा. ठाऊक नसेल तर निदान ‘माझी’ म्हणू नका.