नेम

मराठीतले काही शब्द असे आहेत, की त्यांच्या दोन अर्थांना एकमेकांशेजारी बसविले म्हणजे त्यांतून तिसरीच गोष्ट कळते. 'नेम' हा तसा शब्द आहे. ज्वारीच्या शेतात मचाणावर उभा राहिलेला राखणदार गोफण फिरवून पाखरांवर नेम धरतो आणि घरी त्याची आई एकादशीचा नेम धरते. एकाच्या नेमात लक्ष्य आहे, दुसरीच्या नेमात व्रत आहे. पण क्रियापद दोघांचेही एकच, धरणे. लक्ष्याचा नेम चुकतो आणि व्रताचा नेम मोडतो. माणसाने हौसेने आरंभिलेली कामे अर्ध्यावर का राहतात, याचा मी जेव्हा जेव्हा विचार करतो, तेव्हा मला वाटते की ती या दोहोंपैकी एका कारणाने राहतात. काहींचा नेम चुकलेला असतो, काहींचा मोडलेला असतो.

आपण मात्र दोष देतो तो हुरुपाला. "पहिल्यासारखा हुरूप राहिला नाही हो," असे म्हणून माणूस मोकळा होतो. जणू हुरूप हे काही विहिरीचे पाणी आहे आणि ते आटले याला विहिरीचा मालक काय करणार! वस्तुतः हुरूप हा पाहुण्यासारखा. तो आला म्हणजे घरात पुरणपोळी होते, चार माणसे हसतात, रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो. परंतु पाहुण्याच्या भरवशावर कुणी संसार मांडीत नाही. तो गेल्यावरही सकाळी चूल पेटवायची असतेच.

आमच्या शाळेत मुले दरवर्षी भित्तिपत्रक सुरू करतात. पहिल्या अंकाच्या वेळी नावावरून भांडणे होतात, रंगीत खडू कमी पडतात, अक्षर चांगले असलेल्या मुलींचा भाव वधारतो. दुसऱ्या अंकाला निम्मी मंडळी उरतात. तिसऱ्या अंकाच्या सुमारास एखादे विचारी पोर येऊन हळूच विचारते, "सर, पण आपला अंक वाचतंय कोण?"

हा प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नाही. जो कुणी नियमाने काही लिहू लागतो, नियतकालिक काढतो किंवा चार लोकांना ऐकवण्यासारखे काही सांगू पाहतो, त्याच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. पूर्वी त्याचे उत्तर टपालवाल्याच्या पिशवीत असे. आता ते खिशातल्या फोनवर असते आणि घटकेघटकेला पाहता येते. किती जणांनी पाहिले, कितींना आवडले, कालच्यापेक्षा आज किती उणे! पेरणी झाल्यावर शेतकऱ्याने रोज माती उकरून बियाणे पाहू लागावे, तसे हे आहे. रोप यावे म्हणून जी काळजी घ्यायची, तिनेच ते मरायचे.

ज्यांनी हा प्रश्न मनात ठेवूनही काम सोडले नाही, अशा दोन संपादकांची उदाहरणे मला नेहमी आठवतात. पहिले रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार सोडावा की नोकरी, असा प्रसंग आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. ग्राहक थोडे, निंदक पुष्कळ, आणि पदरचे पैसे घालणे तर ठरलेलेच. कोर्टाच्या पायऱ्या एकाहून अधिक वेळा चढाव्या लागल्या. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. इतके होऊनही अंक निघत राहिला. शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. कर्वे त्याआधीच, १४ ऑक्टोबरला, वारले होते. म्हणजे सव्वीस वर्षांहून अधिक काळ हा एकाच माणसाचा नेम चालला आणि त्याच्या मृत्यूपाशीच थांबला.

दुसरे मुकुंदराव पाटील. त्यांचे 'दीनमित्र' हे पत्र १९१० साली सुरू झाले आणि नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, ते १९६७ पर्यंत चालले. पुण्या-मुंबईच्या छापखान्यांपासून दूर, जिथे वाचता येणारा माणूसच शोधावा लागे अशा मुलखात, शेतकऱ्याच्या भाषेत सत्यशोधक विचार सांगणारे पत्र अर्धशतकाहून अधिक काळ चालविणे म्हणजे काय, याची कल्पना खेड्यात राहणाऱ्यालाच येईल. बैलाला वैरण घालणे आणि अंकाचा मजकूर जुळविणे ही दोन्ही कामे एकाच अंगणात.

या दोघांना हुरूप सदैव असेल, असे मला वाटत नाही. कागदाचे बिल हातात आलेल्या दिवशी कुणाला हुरूप येतो? परंतु त्यांच्यापाशी तारीख होती. महिना भरला की कर्व्यांचा अंक, ठरलेला दिवस आला की 'दीनमित्र'. तारखेला माणसाची मर्जी विचारण्याची सवय नसते, हाच तिचा मोठा गुण. आमच्या जिल्ह्यातून आषाढीसाठी शेगावची पालखी पायी पंढरपूरला निघते. महिनाभराची वाट. त्या वारकऱ्याला उद्याचा मुक्काम कोणता ते ठाऊक असते; उद्या आपल्याला हुरूप असेल की नाही ते ठाऊक नसते आणि त्याची चौकशीही तो करीत नाही. पाय दुखतात, पाऊस झोडपतो, पण मुक्काम ठरलेला असतो म्हणून पाऊल पडते. आणि गंमत अशी, की चालता चालता अभंग सुरू झाला म्हणजे तो हरवलेला हुरूप आपोआप मागून येऊन दिंडीत सामील होतो. हुरुपाने काम होते यापेक्षा कामाने हुरूप येतो, हेच अधिक वेळा खरे असते.

इथवर व्रताचे झाले. पण लक्ष्याचे काय? कर्व्यांना मासिक वाढवायचे असते तर मार्ग सोपा होता. लोकांना रुचेल तेवढे लिहायचे, खुपेल ते वगळायचे, दोनचार गोड गोष्टी घालायच्या. ग्राहक वाढले असते. अंक वेळेवरही निघाला असता. व्रत मोडले नसते, फक्त नेम चुकला असता. वाचक वाढावेत ही इच्छा वाईट नव्हे; ऐकणारे हवेत म्हणूनच माणूस बोलतो. परंतु ज्यासाठी वाचक हवेत तेच वाचकांसाठी सोडून दिले, तर उरते काय? राखणदाराने पाखरे गोळा व्हावीत म्हणून दाणे टाकण्यासारखेच ते. गर्दी होईल, कणीस राहणार नाही.

कुणी म्हणेल, मग सुरू केलेले काम कधी थांबवूच नये काय? तसेही नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, ते १८४० साली बंद झाले. पण त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. आंबेडकरांचा 'मूकनायक' १९२० चा. तो बंद पडल्यावर १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाला, ज्याचे चोवीस-चोवीस रकाने ते स्वतः लिहून काढीत. तोही १९२९ साली थांबला. मग १९३० साली 'जनता', आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. पत्रांच्या आयुष्याचा हिशेब मांडणारा माणूस म्हणेल, यांतले पहिले पत्र फसले, दुसरेही फसले. पण नेमाचा हिशेब मांडणारा म्हणेल, गोफण बदलली. नजर जिथे होती तिथेच आहे.

उलट, रोज थोडे लिहिले म्हणजेच नेम पाळला, असेही समजू नये. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे ना. घ. देशपांडे पहा. १९०९ चा जन्म, पेशा वकिलीचा, राहणे मेहकरलाच. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर चढली आणि १९३० नंतरच्या त्या दिवसांत घरोघर पोचली. दुसरा कुणी असता तर त्या लोकप्रियतेच्या लाटेवर दरवर्षी एक संग्रह काढता. देशपांड्यांचा 'शीळ' हा संग्रह निघाला तो १९५४ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास. 'अभिसार' १९६३ साली. पुढे 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा १९८६ साल उजाडले होते. संपादकाचा नेम तारखेचा असतो. कवीचा नेम आतल्या सुराचा. सूर लागला नाही तर गप्प राहणे हाही त्यातलाच एक भाग. मात्र गप्प राहणे आणि सोडून देणे यांत फरक आहे, आणि तो बाहेरच्या माणसाला पुष्कळदा दिसत नाही.

याच ठिकाणी माझ्या विचाराला एक अडसर लागतो, आणि तोही आमच्याच जिल्ह्यातला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या नावाने बोटे मोडली जाऊ लागली, तेव्हा ही बाई लेखणी घेऊन उठली. जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांच्या अंगी नाहीत काय, असा तिचा रोखठोक सवाल होता. पुण्यात पाचशे प्रती छापल्या. पुस्तकावर टीका झाली, हेटाळणी झाली. १८८५ साली 'सत्सार'मध्ये जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक मराठीला मिळाले नाही. पहिलेही विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा त्र्याण्णव वर्षे उलटली होती.

आता हिला काय म्हणावे? नेम नव्हता? चिकाटी कमी पडली? असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. इतका अचूक नेम मराठीत फार थोड्यांनी धरला असेल. चिकाटीचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो, की चिकाटी धरायलाही पायाखाली थोडी जमीन लागते. कर्व्यांच्या पाठीशी घरात मालतीबाई होत्या आणि कोर्टात आंबेडकर होते. शेगावच्या वारकऱ्याला वाटेवरच्या गावांतून भाकरी मिळते, झोपायला ओसरी मिळते. म्हणून त्याचा नेम तडीस जातो. १८८२ सालच्या बुलढाण्यात एका बाईला अशा किती ओसऱ्या उघड्या होत्या? एकट्या जोतीरावांचा आवाज आला, तो मोठा खरा. पण एका आवाजाने गाव होत नाही.

म्हणून नेम हा लिहिणाऱ्याचा एकट्याचा गुण आहे, असे आता मी म्हणणार नाही. अर्धा नेम लिहिणाऱ्याने धरायचा असतो आणि अर्धा वाचणाऱ्याने. लिहिणाऱ्याने मोजणी सोडावी, तारीख पाळावी, लक्ष्यावरची नजर काढू नये. पण वाचणाऱ्यानेही, जे वाचले आणि मनाला लागले, त्याची पोच द्यावी. आपली पद्धत अशी, की न आवडलेल्या गोष्टीला चव्हाट्यावर उत्तर द्यायचे आणि आवडलेली गोष्ट मनात ठेवायची. घरातही तेच. भाजी खारट झाली तर ताटावरच कळते. चांगली झाली तर ताट निमूट स्वच्छ होते. रांधणारीने त्या स्वच्छ ताटावरून काय ते ओळखावे! ती ओळखतेही, म्हणून तर घरे चालली आहेत. पण एकदा तोंडाने सांगितले म्हणून कुणाचे काही जात नाही.

का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाबरोबर अंक येतो. युद्धे झाली, कागद महागला, किती मासिके आली नि गेली. पण दर दिवाळीला कुणीतरी अंक काढतो आणि कुणीतरी तो विकत घेतो. हा दोघांनी मिळून पाळलेला नेम आहे, आणि दोघांपैकी एकानेही सोडला तर तो मोडेल.

या सणात चार अंक आपल्या हाती येतील. त्यांतले एखादे नाव अनोळखी असेल, गाव आडवाटेचे असेल, आणि तरीही त्याचे लिहिणे वाचून आपण क्षणभर थांबू. तेवढ्या थांबण्याचे एक कार्ड त्या माणसाला धाडावे. चार ओळी पुरेत. त्या पोचतील त्या दिवशी त्याच्या घरी हुरूप पाहुणा येईल. नंतर तो जाईलच. पण पुढच्या महिन्याची तारीख पाळायला तेवढे बळ पुष्कळ होते.