नागनाथाला कोणाची मान्यता?

कळमनुरीच्या शेजारचा औंढ्याचा नागनाथ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे, हे हिंगोली-परभणीकडे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. पण द्वारकेजवळच्या नागेश्वराचे भक्तही हेच म्हणतात आणि उत्तराखंडातल्या जागेश्वराचेही. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात पत्ता एवढाच आहे : दारुकावन. परळीच्या वैजनाथाचा असाच वाद झारखंडातल्या देवघराशी आहे. भीमाशंकराचा वाद तर २०२३ च्या फेब्रुवारीत थेट सरकारी झाला. आसाम सरकारने महाशिवरात्रीच्या तोंडावर जाहिरात दिली आणि गुवाहाटीजवळच्या पामोहीचे भीमाशंकर हेच सहावे ज्योतिर्लिंग ठरवले. महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनी अपेक्षेप्रमाणे गहजब केला. पण सरकारने म्हटल्यामुळे एखादी जागा पवित्र ठरते का, हे त्या गदारोळात बाजूलाच राहिले.

जगाने हाच प्रश्न त्याआधी जेरुसलेमबाबत पाहिला होता. ६ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेने ते शहर इस्रायलची राजधानी म्हणून मान्य केले. पंधरवड्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १२८ विरुद्ध ९ मतांनी ती मान्यता अमान्य केली. भारत त्या १२८ मध्ये होता. पुढच्या मे महिन्यात अमेरिकेचा दूतावास हलला, सत्तेची गणितेही हलली. मात्र अल-अक्सातला नमाजी किंवा पश्चिम भिंतीपाशी उभा असलेला ज्यू, दोघांच्याही श्रद्धेत त्या घोषणेने भर पडली नाही आणि आमसभेच्या ठरावाने घटही झाली नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले, तेव्हा जेरुसलेमवर तुर्कांचा अंमल होता. प्रार्थनेच्या आड तो कधी आला नाही.

बाहेरच्या मान्यतेचा हा प्रश्न आपल्या तत्त्वज्ञांनाही पडला होता. ज्ञान स्वतःच प्रमाण असते की त्याला बाहेरचा दाखला लागतो, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके भांडले. पण बाहेरचा दाखला मागणारा नैयायिकसुद्धा तो अनुमानातून मागतो : त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आली की नाही, हे तो पाहतो. राजाचा शिक्का दोन्ही पक्षांच्या प्रमाणांत कुठेच बसत नाही. मान्यतेने निधी मिळतो, रस्ता होतो, दूतावास उभा राहतो. पावित्र्य द्यायला ते मुळात मान्यता देणाऱ्याच्या हाती असावे लागते.

यावर पहिला आक्षेप बेळगावकर घेतील, आणि तो वजनदार आहे. २०१२ साली तिथे कर्नाटकाचे सुवर्ण विधानसौध उभे राहिले. महाराष्ट्राचा २००४ चा सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात असतानाच शहराला दुसऱ्या राजधानीचा थाट आला. ज्याची भाषा दुकानाच्या पाटीवरून पुसली जाते, त्याने मान्यतेला पोकळ का म्हणावे? म्हणूच नये. तो हक्काचा प्रश्न आहे आणि हक्काच्याच भाषेत, न्यायालयात आणि सभागृहात लढावा. अडचण होते ती सरकारे हक्काच्या मागणीला देवत्वाचा शेंदूर फासतात तेव्हा. निधी वाटून घेता येतो, कारभारही वाटून घेता येतो. देव मात्र वाटणीला तयार नसतो, निदान त्याचे पुढारी तरी नसतात.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मग ज्याचा त्याचा दावा खरा मानायचा का? नाही. स्तोत्रकाराच्या मनात कोणते वन होते, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्यात कुणीतरी चुकीचे ठरू शकते. औंढ्याने मात्र त्या निकालाची भीती बाळगायचे कारण नाही. परंपरा सांगते की इथेच संत नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसले. देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव, असे विसोबा म्हणाले आणि तशी जागा नामदेवांना सापडली नाही. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळामागे जायला लावले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिकाही इथलीच. कथा घडली की नाही हे वेगळे. ज्या गावाने ती जपली, त्याला पावित्र्य दर्शनी दारातून येत नाही हे ठाऊक होते. तेव्हा औंढ्याच्या दाव्यावर सरकारी शिक्का मागणारा विसोबांशीच वाद घालतो आहे. अभ्यासकांनी दारुकावन खुशाल शोधावे. ते गुजरातेत सापडले तर पुस्तकातली एक तळटीप बदलेल. औंढ्याच्या महाशिवरात्रीला एसटीला जादा गाड्या सोडाव्याच लागतील.