दाखविलेलें आणि दिसलेलें

बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाहीं. किनारा मात्र आहे. रत्नागिरीहून आरे-वाऱ्याच्या बाजूनें गणपतिपुळ्यास जाणाऱ्या रस्त्यावर प्रवाशांच्या मोटारी जशा ठरलेल्या वळणावर थांबतात, ठरलेलें दृश्य दाखवितात आणि पुढें निघतात, तशाच आमच्याकडील एक दिवसाच्या सहली लोणारच्या विवराच्या कडेवर येऊन थांबतात. सकाळीं निघावें, मेहकरावरून लोणार गांठावें, दैत्यसूदनाचें देऊळ आणि धारेचें पाणी पाहावें, कांठावरून तळ्याचें दर्शन घ्यावें, मंडळी हौशी असल्यास खालीं उतरून झाडींतील वाटेनें पाण्याच्या कडेकडेनें कमळजा देवीपर्यंत जावें, आणि दिवेलागणीच्या सुमारास घरीं परतावें. वाटाड्या पुढें, मंडळी मागें. तो बोट दाखवील तिकडे माना वळतात, तो थांबेल तेथें सारे थांबतात.

अशा सहलींविषयीं सुशिक्षित मंडळींच्या मनांत एक तुच्छता असते. दुसऱ्यानें बोट दाखवावें आणि आपण ‘वाहवा’ म्हणावें, यांत आपलें असें काय उरलें, असा त्यांचा प्रश्न असतो. सौंदर्य ज्याचें त्यानें शोधावें, एकट्यानें जावें, वाटाड्यास दूर ठेवावें, असें ते सांगतात. हें मत ऐकावयास मोठें भारदस्त वाटतें. परंतु लोणारचा इतिहास जो थोडासा चाळील, त्याला स्वतःच्या डोळ्यांचा एवढा अभिमान धरणें कठीण जाईल.

या तळ्याकडे माणसें किती काळ पाहत आलीं आहेत! पुराणकारांनीं तेथें लवणासुर पाहिला. अबुल फजलाच्या ऐन-इ-अकबरींत लोणारचा उल्लेख आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें याची नोंद केली, आणि पुढें शंभरांहून अधिक वर्षें विद्वानांचा कल हें ज्वालामुखीचें मुख असावें असें मानण्याकडे राहिला. त्यांत नवल नव्हतें. सारें वऱ्हाडच लाव्हारसाच्या काळ्या पाषाणावर वसलेलें आहे. १८९६ सालीं गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें ॲरिझोनांतील विवराशीं याचें साम्य हेरलें. पण ॲरिझोनाचें विवर तरी कशानें झालें? तर वाफेच्या स्फोटानें, असा त्याचा निष्कर्ष! साम्य बरोबर हेरलें, आणि कारण मात्र चुकलें. अखेर १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत येथील खडकांत अशी कांच आढळल्याचें नमूद झालें कीं, जी केवळ प्रचंड आघाताच्या दाबानेंच तयार होते. आणि आकाशांतून पडलेल्या पाषाणानें हें विवर खोदलें, ही गोष्ट शाबीत झाली. ती कांच कांहीं १९७३ सालीं तेथें येऊन पडली नव्हती. अलेक्झांडर साहेबांच्या बुटांखालीं ती होती, तशीच कमळजेच्या यात्रेकरूंच्या अनवाणी पायांखालींही होती. डोळे सर्वांनाच होते. न दिसण्याचें कारण इतकेंच कीं, काय पाहावयाचें हें सांगणारा कोणी भेटला नव्हता.

तेव्हां वाटाड्याच्या मागून जाण्यांत कमीपणा आहे, हें मला मान्य नाहीं. जो ‘एकट्यानें’ जातो, त्याच्याही पुढें कोणी ना कोणी चालत असतो. फक्त त्या वाटाड्याला बिदागी द्यावी लागत नाहीं, म्हणून त्याची आठवण राहत नाहीं. मी स्वतः तेथें गेलों असतां, शाळेंत वाचलेलें भूगोलाचें पुस्तक आणि आजीनें सांगितलेली लवणासुराची कथा हे दोन वाटाडे माझ्यापुढें होतेच.

खरा प्रश्न निराळा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. लोणारच्या कडेवर उभ्या राहणाऱ्या मंडळींना बहुधा असें सांगण्यांत येतें कीं, हें विवर जगांतील तिसऱ्या क्रमांकाचें आहे. काळ्या पाषाणांत झालेलें असें दुसरें विवर पृथ्वीवर कोठेंही नाहीं. आणि खालीं अमुक ठिकाणीं होकायंत्राची सुई वेडी होते. वस्तुस्थिति काय आहे? लोणारच्या विवराचा व्यास दोन किलोमीटरांहूनही कमी आहे. मेक्सिकोंतील चिक्शुलूबचा सुमारें १८० किलोमीटर आहे. दूर कशास जावें? मध्यप्रदेशांत शिवपुरी जिल्ह्यांतील ढाला येथील विवर लोणारहून कितीतरी मोठें आहे. काळ्या पाषाणांतील विवरांचें म्हणावें, तर ब्राझील देशांतही तशीं सांपडलीं आहेत. वयाचीही तीच कथा. पूर्वीं सुमारें ५०,००० वर्षें हा अंदाज रूढ होता. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनांत तें सुमारें ५,७०,००० वर्षें निघालें. जुना आंकडा मात्र तोंडातोंडीं अजून चालूच आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, लवणासुराची कथाही खरी नाहीं, मग तिसऱ्या क्रमांकावरच राग कां? या आक्षेपाला उत्तर देणें जरूर आहे. विष्णूनें पायाच्या अंगठ्यानें असुराच्या विवराचें झांकण उडविलें, असें जेव्हां गांवची म्हातारी सांगते, तेव्हां ती आपल्याजवळ मोजपट्टी मागत नाहीं. ऐकणारा तें कोणत्या कानानें ऐकावयाचें हें जाणतो. त्या कथेनें तळ्याला नांव दिलें, देऊळ दिलें, नवरात्रांतील यात्रा दिली. ‘जगांतील तिसरें’ हें वाक्य मात्र शास्त्राचा अंगरखा घालून येतें. तें मोजपट्टीवर विश्वास ठेवावयास सांगतें, आणि मोजपट्टीच खोटी असते. पहिलें पुराण आहे. दुसरें असत्य आहे. शंभर पुराणें ऐकून बुद्धीला जी इजा होत नाहीं, ती असल्या एका आंकड्यानें होते, असें माझें मत आहे.

मग दोष कोणाचा? दोन वर्षांपूर्वीं मी एका वयस्क वाटाड्याबरोबर ती वाट उतरलों. मार्गांत त्यानें तिसऱ्या क्रमांकाची गोष्ट काढली, तेव्हां मीं त्याला सहज विचारलें, “काय हो काका, हें आपणांस खरें वाटतें का?” तो क्षणभर थबकला आणि हंसून म्हणाला, “साहेब, आंकडा लहान सांगतला त लोकं म्हणतात, मंग येवढ्या दुरून आमाले काऊन आनलं?” या उत्तरावर मला बोलावयास कांहीं सुचलें नाहीं. त्याला ठाऊक होतें. असत्य त्याच्या मुखांतून निघत होतें. पण त्याची मागणी आमच्याकडून, म्हणजे मोटारींतून उतरणाऱ्या पांढरपेशा मंडळींकडून, येत होती. ज्याच्यापाशीं एखाद्या स्थळासाठीं दोन तासच आहेत, त्याला त्या स्थळाशीं ओळख करून घेण्यास सवड नसते. म्हणून तो त्याचा हुद्दा विचारतो. पहिलें, तिसरें, एकमेव! लग्नाच्या बैठकींत मुलाचा पगार विचारावा, तसेंच हें.

तरीही वाटाड्यास सर्वस्वी निर्दोष ठरवितां येत नाहीं. त्याचें पोट त्या बोलण्यावर आहे, हें खरें. परंतु पोटाचें कारण सांगून जर सत्याची सूट मिळूं लागली, तर ती प्रथम आम्हां शिक्षकांना, मग वर्तमानपत्रांना, आणि मग वकिलांना द्यावी लागेल. आणि हे सारे त्या वाटाड्याहून पुष्कळच जास्त मिळवितात. वर्गांत विद्यार्थी जांभया देऊं लागले म्हणजे इतिहासाच्या अध्यापकालाही एखादी चमचमीत आख्यायिका खरी म्हणून सांगण्याचा मोह होतोच. मी दोषाची वाटणी करावयाची म्हटलें, तर मोठा हिस्सा ऐकणाऱ्याच्या पदरांत घालीन, कारण पैसा त्याचा आहे आणि शिक्षणही त्याचेंच जास्त आहे. पण सांगणाऱ्याचा हिस्सा शून्य करणार नाहीं. त्याला बिचारा समजून त्याच्याकडून सत्याची अपेक्षाच न करणें, हा त्याचा एक प्रकारें अपमानच होय.

२०२० च्या जून महिन्यांत, महामारीमुळें प्रवासी येणें बंद असतां, तळ्याचें पाणी गुलाबी झालें. पाणी आटून खारटपणा वाढला आणि क्षारप्रिय सूक्ष्म जीव माजले, हें कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पुढें शोधून काढलें. रंग तर आंधळ्यावांचून सर्वांना दिसला; चित्रांवरून मुंबईपर्यंत दिसला. पण त्याच्याही अर्थासाठीं कोणाची तरी वाट पाहावी लागलीच.

त्या वयस्क वाटाड्याची एक गोष्ट सांगावयाची राहिली. कांठाच्या थोडें खालीं आल्यावर त्याला मीं विचारलें कीं, क्रमांक सोडून द्या, आपणांला स्वतःला येथें काय पाहण्यासारखें वाटतें? त्यानें विवराच्या भिंतीकडे बोट केलें. आमच्या मुलखांत डोंगरांचे काळे थर पायऱ्यांप्रमाणें आडवे असतात, हें प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. येथें कांठाजवळचे थर आडवे नाहींत. ते उचललेले असून विवराच्या बाहेरच्या बाजूस कललेले आहेत. कांहीं तरी आंत घुसलें आणि त्यानें जमीन चोहोंबाजूंनीं उलथून टाकली, हें त्या कलण्यावरून डोळ्यांनाच वाचतां येतें. त्याला ना क्रमांक लागतो, ना होकायंत्र. मात्र तें दिसावयास एका जागीं पाव तास तरी मुकाट्यानें उभें राहावें लागतें, आणि सकाळचें ऊन भिंतीवर तिरपें असावें लागतें. सहलीच्या मोटारी बहुधा तेथें पोंचतात त्या भर दुपारीं.