पुसता येणारी धूळ

जोर्जो मोरांदी बाटल्यांची चित्रं काढण्याआधी बाटल्यांनाच रंग फासत असे. लेबलं काढून टाकायची, काचेला मॅट रंग द्यायचा, म्हणजे उजेड तिच्यावर चमकणार नाही आणि तिच्यातून आरपारही जाणार नाही. मग त्या बाटल्या, डबे, फुलदाण्या बोलोन्यातल्या व्हिया फोन्दात्सावरच्या घरात धूळ खात उभ्या राहत. ती धूळ झटकायची नाही, हाही कामाचाच भाग. त्या घरात तो तीन बहिणींबरोबर राहिला, तिथल्या कला अकादमीत एचिंग शिकवलं, आणि १९६४ मध्ये वारला तोवर त्याच त्या वस्तू बोटभर इकडेतिकडे सरकवून रंगवत राहिला.

माझ्या एका स्नेह्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलामागे मोरांदी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर, तीन फूट रुंद, चकचकीत. मूळ चित्रं बहुतेक हातभर रुंदीचीसुद्धा नसतात. "ओल्या फडक्याने पुसलं की झालं," वहिनी म्हणाल्या.

हा पत्रा कसा तयार होतो ते मी मुद्दाम समजून घेतलं. चित्र आधी खास शाईने कागदावर उलटं छापतात. तो कागद पांढरा लेप दिलेल्या पत्र्यावर ठेवून दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून दाबतात. शाई वितळत नाही, तिची थेट वाफ होते आणि ती लेपात शिरून बसते. म्हणजे चित्र पृष्ठभागावर नसतंच, त्याच्या आत असतं. कुंचल्याचा फटकारा हाताला लागत नाही, डोळ्यालाही नाही. या शाईत पांढरा रंग नसतो. जिथे पांढरं दिसतं तिथे खालचा लेप दिसत असतो. मोरांदीने राखाडी, गेरू, फिकट गुलाबी मिसळून कष्टाने मिळवलेला पांढरा इथे पत्र्यानेच पुरवला आहे.

मी अनुवादक आहे, त्यामुळे नकलेला नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. अनुवादात काहीतरी सांडतंच. वाचक ते माफ करतात, मूळ लेखकही करतात. मला नेहमी धास्ती वाटते ती भर पडण्याची. खडबडीत वाक्य घोटून गुळगुळीत करणारा, लेखकाने गिळलेला हुंदका मोठ्याने काढून दाखवणारा अनुवाद वाचनीय ठरतो, खपतोही. इथेही तसंच झालंय. चित्रकाराने जी चकाकी आधी बाटलीवरून काढली, तीच पत्र्याने परत आणून दिली.

पण मग रविवर्म्याचं काय? १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला त्याचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथले ओलिओग्राफ घरोघरच्या देवघरांत पोचले, लोकांनी देवीच्या छापील साडीला जर आणि टिकल्या चिकटवल्या. त्याला कुणी विटंबना म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. त्या चित्रात लक्ष्मी होती आणि बघणाऱ्याला लक्ष्मीच हवी होती. मोरांदीच्या चित्रात बाटली आहे, पण बाटली कुणालाच नको असते. तिला गोष्ट नाही, नावही नाही. त्याच्या बहुतेक चित्रांचं शीर्षक एकच, 'नातूरा मोर्ता'. आपण स्थिरचित्र म्हणतो; तिकडे शब्दशः मेलेला निसर्ग. 'काय' काढलंय हे जिथे जवळपास शून्य आहे, तिथे 'कसं' हेच सगळं. आणि नेमकं तेच वाफेत जातं.

वॉल्टर बेंजामिनने १९२३ मध्ये, बोदलेरच्या स्वतः केलेल्या अनुवादाला प्रस्तावना लिहिताना, अनुवाद हे मूळ कृतीचं पुढचं आयुष्य मानलं. १९३५-३६ च्या निबंधात तोच माणूस म्हणतो की यांत्रिक नकलेने कलाकृतीचं वलय झडतं. एम.ए.ला हे दोन निबंध आम्हाला वेगवेगळ्या पेपरांना होते, त्यामुळे एका नकलेला आयुष्य आणि दुसरीला ऱ्हास का, हे कुणी विचारलंच नाही. मला वाटतं, फरक यंत्राचा नाही, जबाबदारीचा आहे. माझा अनुवाद फसला तर पुस्तकावर माझं नाव आहे, वाचक शिव्या घालू शकतो. पत्र्याच्या मागे ऑर्डरचा क्रमांक, आकार आणि बारकोड आहे. मोरांदीचं नाव नाही, चित्राचं वर्ष नाही. कायद्याची अडचण नाही. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे २०२४ च्या अखेरीस तोही प्रश्न मिटला.

चकाकी मग ठरवली कुणी? वहिनींनीच. ऑर्डर देताना ग्लॉसी की मॅट असं विचारलं होतं, त्यांनी ग्लॉसीवर बोट ठेवलं. खरं तर शेवटचा अनुवाद त्यांनी केला. फक्त तो अनुवाद आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगावं का, हा प्रश्न मला बेंजामिनपेक्षा अवघड वाटतो. निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी त्या चित्रासमोर चहा घेतात. "घर शांत वाटतं याच्यामुळे," असं त्या म्हणतात, आणि ती शांतता काही पत्र्याची नाही. एवढं सगळं गळूनही ती पोचली आहे.

त्यांनीच एकदा विचारलं, यात विशेष काय, म्हणून मी बाटल्यांना रंग फासण्याची आणि धुळीची हकिगत सांगितली. त्या बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅटवालं पण पुसता येतं ना रे?"

येतं, मी म्हटलं.