मशीन खराब नाही

बस. तो लॅपटॉप आधी बॅगेतून काढ आणि टेबलावर ठेव, चहाच्या कपापासून लांब. आता पुन्हा सांग काय झालं ते. या वेळी ‘सर, मशीन खराब निघालं’ हे वाक्य गाळून सांग.

मागच्या वर्षीच्या दिवाळी अंकाची फाईल उघडलीस. संपादकीयाच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेले परके स्वर असा उकिरडा दिसला. सगळ्या मजकुरावर गुलाबी पट्टा. मग तू वाशीला जाऊन दुकानदाराशी भांडलास आणि तिथून हार्बर पकडून बेलापूरला माझ्याकडे आलास. भांडायचंच होतं तर घरातल्या आरशासमोर उभा राहायचास, तिकिटाचे पैसे वाचले असते.

तो गुलाबी पट्टा म्हणजे ‘या मजकुराचा फॉन्ट माझ्याकडे नाही’ असं इनडिझाईन तुला सांगतंय. मशीन तुझ्याशी खरं बोलतंय आणि तू त्याला खराब म्हणतोस. पंधरा वर्षं मराठी डीटीपी करणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल तर लाजिरवाणं आहे. माहीत असूनही चार महिन्यांचा ईएमआय बांधून घेतला असशील तर त्याला काय म्हणायचं ते तूच सांग.

फॉन्ट म्हणजे काय ते दुसऱ्या वर्षाला मी शिकवलं होतं. तू बहुधा कॅन्टीनमध्ये होतास, म्हणून परत सांगतो. नव्वदच्या दशकात आपली छपाई खिळ्यांतून संगणकावर आली ती श्रीलिपी, आयएसएम, आकृती असल्या पॅकेजांमुळे. पहिली दोन पुण्याची, मॉड्युलर इन्फोटेक आणि सी-डॅक यांची. आकृती बंगळुरूच्या सायबरस्केपची. त्यांचे उपकार आहेतच. पण तेव्हा युनिकोड हाताशी नव्हतं, म्हणून प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या खणांत आपापल्या सोयीने मराठीचे तुकडे भरले. एकाच्या ज्या खणात काना, दुसऱ्याच्या त्याच खणात अर्धा श. जुन्या कंपोझिटरला दुसऱ्या प्रेसची केस दिली की त्याचा हात चुकायचा, तसंच हे. तुझ्या त्या फाईलमध्ये मराठी नाहीच. आत इंग्रजी खणांचे नंबर आहेत आणि वरून मराठीचा मुखवटा. नव्या मशीनवर मुखवटा नाही, इतकंच झालंय.

‘फॉन्टची फाईल पेनड्राइव्हवरून टाकतो, सर.’ टाक. अक्षरं दिसतील बहुतेक. पण लिहिणार कशाने? तुझ्या पॅकेजचं टायपिंगचं इंजिन विंडोजचं आहे, तुझ्या या नव्या मॅकवर ते दुहेरी क्लिक करून उठणार नाही. रात्री अकराला संपादकांचा फोन येईल, की कवितेच्या खालचं एक नाव चुकलंय. ते एक नाव बदलायला तुला जुन्या मशीनकडेच धावावं लागेल. आणि तुझ्याकडे टायपिंगला येणाऱ्या त्या बाई? मराठी चाळीसची परीक्षा पास झालेल्या. त्यांच्या बोटांत टाइपरायटरचा कीबोर्ड बसलाय, डोळे मिटून ओढतात. मॅकवर तयार मिळतो इन्स्क्रिप्ट. त्यांना विचारलंस? मशीन घेताना तुझ्या ऑफिसात सगळ्यात जास्त वेळ कीबोर्डवर बसणाऱ्या माणसाला विचारायचं सुचलं नाही तुला. रंग मात्र विचारून घेतलास. मिडनाइट की कायसा. बोटांचे ठसे उठलेत बघ सगळ्या झाकणावर.

यूट्यूबवाल्याने सांगितलेली युक्तीही ऐकली मी. मॅकच्या आत विंडोज चालवायची. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प होतं, सरळ विंडोज लावता यायची. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलची स्वतःची एम१ चिप आली आणि त्या मशीनांवरून ती सोय गेली. आता पॅरलल्ससारख्या प्रोग्रॅममध्ये एआरएमची, म्हणजे या नव्या जातीच्या चिपसाठीची, विंडोज चालते. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम तिथे दुभाष्याच्या मदतीने चालतातही. पण तुझ्या पॅकेजला डोंगल आहे, लायसन्सची ती किल्ली. डोंगलचा ड्रायव्हर दुभाष्याला दाद देत नाही, तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या डोंगलसाठी तो आज कोण लिहायला बसलंय?

पेजमेकरच्या फायलींचं तर नावच काढू नकोस. काढ, काढ, आज सगळंच निघू दे. पेजमेकर १९८५ साली मॅकवरच जन्मला, म्हणजे तुझ्या धंद्याचं बाळंतपण मॅकवर झालं. पण म्हणून नवा मॅक त्याचं माहेर ठरत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची. त्या फायली उघडणारं शेवटचं इनडिझाईन म्हणजे सीएस६. ते ३२ बिटचं, आणि २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकने ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणं सोडलं. तुझ्या कपाटातली सुरुवातीची सगळी पुस्तकं पीएमडीत आहेत. लेखकाने दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं तर त्याला काय सांगशील? पुन्हा टाइप करा?

मी हे शहाणपणाने बोलत नाही, अद्दल घडली म्हणून बोलतो. ज्या कॉलेजात मी शिकवत होतो, तिथल्या लॅबची जुनी मशीन २००३ साली भंगारात गेली. कागदावर सही माझी. वार्षिकांकाच्या सगळ्या फायली सीडीवर घेतल्या होत्या, म्हणून मी निर्धास्त. प्रोग्रॅम आणि फॉन्ट मात्र मशीनबरोबरच गेले. त्या सीड्या माळ्यावर आहेत. दोन-चार खाली आणून मागच्या अंगणात दोऱ्याने टांगल्यात, कबुतरं बिचकतात. मुलांनी रात्र-रात्र जागून लावलेल्या पानांचा आता तेवढाच उपयोग.

‘विंडोज १० बंद झालं म्हणून बदललं, सर.’ हे मात्र खरं कारण आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. तुझं मशीन सातव्या पिढीच्या इंटेलचं, विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. तिथे आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. म्हणून नवीन मशीन घ्यायला हवं, इथवर ठीक. पण अपडेट थांबले म्हणजे दुसऱ्या दिवशी मशीन मरत नाही, आणि नाव नोंदवलं तर वाढीव सुरक्षा ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. तुझ्या हातात अख्खं वर्ष होतं. ते फायली तपासण्यात घालवायचं सोडून तू दिवाळीच्या ऑफरमध्ये उडी मारलीस. आणि आता, चार दिवसांनी, आपलं काम यावर चालतं का ते बघतोयस. वरातीमागून घोडं.

कॉन्फिगरेशन वाच बरं मोठ्याने. मेमरी १६ जीबी. स्टोरेज २५६. ‘पुढे वाढवू.’ कुठे वाढवशील? मेमरी चिपच्या शेजारी एकाच पुड्यात बसलेली आहे, खाच नाही, स्क्रू नाही. घेतानाच जे घेतलं ते शेवटपर्यंत.

जरा बाहेर ये. हे घर बघ. तू या गल्लीत इतक्यांदा आलास, पण बघितलं नसशील. ही आर्टिस्ट्स व्हिलेजची वसाहत चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ च्या दरम्यान सिडकोसाठी आखली. प्लॉट लहान, ४५ चौरस मीटरपासून ७५ पर्यंत. पण एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी जोडलेली नाही. का? माणसाकडे पुढे पैसे येतील, मुलं होतील, तेव्हा त्याला शेजाऱ्याची परवानगी न मागता आपल्या घराला एक खोली काढता यावी. १९९४ साली मी मागची खोली काढली ती या एका विचारामुळे. पुढे लोकांनी या मोकळिकीचं काय केलं, बैठी घरं पाडून तीन-तीन मजले कसे चढवले, त्यावर मला वेगळं बोलायचंय, पण ते तुझ्याशी नाही. तू जे विकत आणलंस त्यात खोली काढायला जागा ठेवलेली नाही, हे पैसे देण्याआधी बघायचं होतंस. तिसऱ्या वर्षाला तुमची ट्रिप इथेच आणली होती मी. तुम्ही वडापाव शोधत होतात.

आता रंग. तो गणपतीच्या मंडळाचा फ्लेक्स उघड. काय झळाळतोय भगवा! जुन्या मॉनिटरवर असा कधी दिसला नव्हता, म्हणून खूश झालास ना? हा पडदा रुंद पल्ल्याचा आहे. तो जो केशरी दाखवतोय तो चार शाईंत मिळतच नाही. याच रंगाची निमंत्रणपत्रिका तुर्भ्याच्या प्रेसमधून छापून येईल तेव्हा तो भगवा विटेसारखा मळका दिसेल. मंडळाचे अध्यक्ष तुझ्या टेबलावर पत्रिका आपटतील आणि तू ऑपरेटरवर ओरडशील. प्रूफ व्ह्यू लावून रंग बघायची सवय कर. भगवा हवाच असेल तर पाचवी शाई मागून घे, पँटोन ऑरेंज ०२१. पैसे जास्त पडतील ते गिऱ्हाइकाला आधी सांग. यातलं मशीन बदलून काहीच बदलत नाही.

मॅक वाईट आहे असं मी म्हटलं का? खारघरचा तो तुझ्या मागच्या बॅचचा मुलगा आठवतो? लग्नाचे व्हिडिओ कापतो. फायनल कटवर शिकला, आणि फायनल कट विंडोजवर चालत नाही. त्याच्यासाठी हेच यंत्र योग्य. तो दोन महिने आधी माझ्याकडे आला, वहीत लिहून: कुठले प्रोग्रॅम, फुटेज किती जीबी, हार्डडिस्का कशाने फॉरमॅट केलेल्या. तुझ्या तिन्ही हार्डडिस्का एनटीएफएस आहेत, हे तुला ठाऊक आहे? मॅक त्या वाचेल, त्यांवर लिहिणार नाही. ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावरच दिसतंय.

तुझं काम पुस्तकांचं, पत्रिकांचं, फ्लेक्सचं. निम्मं कोरलमध्ये. कोरल २०१९ पासून पुन्हा मॅकवर मिळतं, पण नवं लायसन्स घ्यावं लागेल, तो खर्च तू धरलाच नाहीस. मला विचारलं असतंस तर मी विंडोजचाच डेस्कटॉप सांगितला असता. साधं कॅबिनेट, मेमरीच्या दोन खाचा रिकाम्या, आणि वाचलेल्या पैशांत एक बरा मॉनिटर. दिसायला दगड. पण विचारलं नाहीस, आता आणलंयस तर वापर. परत करायला जाऊ नकोस, तुझ्या चुकीचे पैसे दुकानदाराने का भरावेत?

तर आता ऐक, लिहून घे. जुन्या मशीनचं नेट काढायचं. ते कोपऱ्यात ठेवायचं, डोंगलसकट. रोज दोन जुन्या फायली उघडायच्या, त्याच मशीनवर फॉन्ट आत घालून पीडीएफ करायची. मग मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडात आणायचा आणि माणसाने वाचायचा. माणसाने, कारण कन्व्हर्टर रफारावर आणि ऱ्य वर घसरतो. तुझ्या त्या गडकिल्ल्यांच्या पुस्तकातल्या दऱ्यांचा दर्या होईल आणि सह्याद्रीत भरती येईल. नवीन कामाला युनिकोडच. मुक्ता आहे, बालू आहे, आपल्या मुंबईच्याच एक टाइपने केलेले, फुकट, दोन्हीकडे सारखे चालतात. मंगलवर विसंबू नकोस. र. कृ. जोशींनी केलेला म्हणून मला त्याचा जिव्हाळा आहे, पण तो विंडोजबरोबर येतो. मॅकने त्याच्या जागी दुसरा फॉन्ट घातला की तुझ्या ओळी सरकतील आणि दोनशे पानांचं पुस्तक दोनशे सहा पानांवर जाईल. आणि इनडिझाईनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लाव, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला उभी राहील आणि तू परत म्हणशील, मशीन खराब आहे.

जुनं मशीन घरीच आहे ना? काय? एक्सचेंजमध्ये लावलंस? सोमवारी माणूस न्यायला येणार?

ज्या एका यंत्रात तुझी पंधरा वर्षं उघडतात, ते तू दोन-चार हजार कमी व्हावेत म्हणून देऊन टाकतोयस. चहा राहू दे. फोन काढ आणि त्या दुकानाला लाव. एक्सचेंज नको, फरकाचे पैसे भरतो, असं सांग. बाहेर जाऊन नाही. इथेच, माझ्यासमोर लाव.