आदत खोंड

वडगावच्या सोमवारच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस आधी जनावराचं तोंड उघडतो. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळलेला. आदत खोंड कितीही देखणा असो, त्याला कुणी लगेच नांगराला जुंपत नाही. अजून त्याचं अंग भरायचंय. तो पुढं कसा निघेल हे आज सांगता येत नाही, एवढं शहाणपण शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही असतं.

पोरांच्या बाबतीत हे शहाणपण जातं कुठं?

आमच्या वेळी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. पुढं 2016-17 पासून ती पाचवी-आठवीला गेली. दिवाळी सरली की गुरुजी वर्गातली सात-आठ पोरं निवडायचे. शाळा सुटल्यावर त्यांचे जादा तास, बाकीची म्हशीमागं. निवडलेल्यांना सगळे 'स्कॉलरशिपची पोरं' म्हणायचे. उरलेल्यांना कुणी नाव दिलं नाही, ते त्यांनी आपलं आपणच घेतलं : 'ढ'. माझ्या बाकावरचा एक जण उसाच्या खेपांचा हिशेब तोंडी, बापाच्या आधी सांगायचा. पण लिहिताना त्याची वेलांटी चुकायची. तो त्या सात-आठात कधीच आला नाही, आणि आपल्याला गणित येतं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता त्याहून मोठं दार नवोदयचं. जिल्ह्याला एक विद्यालय, आमचं कागलला. सहावीसाठी 80 जागा. पोर पाचवीत असतानाच परीक्षा, दोन तासांत 80 प्रश्न, त्यातले निम्मे बुद्धिमत्तेचे. आणि सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते. त्या दिवशी पोराला ताप असला तरी दुसरी संधी नाही. नववीत मोकळ्या जागांसाठी परीक्षा होते, पण मोकळ्या जागा असून असून किती असणार? म्हणून ऐपत असलेले लोक पोराला तिसरी-चौथीपासूनच क्लासला घालतात, कुणी वसतिगृहात ठेवतात. मग पेपर पोराची बुद्धी मोजतो की बापाचा खिसा, हे सांगणं अवघड होतं.

हे मी एकदा बांधावर बोलत होतो. भांगलणीला आलेली एक बाई खुरपं खाली ठेवून म्हणाली, "दादा, तुमचं खरं हाय. पण माझी पोरगी लागली तर बारावीपतोर खाणं, ऱ्हाणं, पुस्तकं समदं सरकारचं. परीक्षा काढून टाकली तर ती जागा कुणाला जाईल? ज्याची वळख हाय, त्याच्याच पोराला की!"

याला माझ्याकडं तोड नव्हती. गरिबाच्या पोराला वशिला नसतो, मार्क असतात.

दुसरी वाट सोडतीची. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यानं शाळाप्रवेशासाठी लेकराची चाचणी घ्यायला मनाई केली. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांसाठी आपल्याकडं सोडत निघते. सोडतीत नंबर लागला नाही तर पोर म्हणतं, नशीब नव्हतं. परीक्षेत राहिलं तर म्हणतं, मलाच येत नाही. ही दुसरी जखम लवकर भरत नाही. पण रात्री जागून अभ्यास केलेल्या पोरीच्या हातात चिठ्ठी ठेवायची, हाही न्याय नव्हे.

हा पेच आपल्यापुरता नाही. इंग्लंडात 1944 च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी पोरं परीक्षेनं वेगवेगळ्या शाळांत वाटली जायची. 1965 साली सरकारनं सगळ्यांची एकच शाळा करा म्हणून सांगितलं, तरी काही भागांत ती परीक्षा अजून होते.

आपल्या मातीत मात्र एक जुना दाखला आहे. 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. पोर हुशार आहे का, हा प्रश्नच तिथं नव्हता. वडगावजवळच्या कुंभोजात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि शाळाच खेड्यात नेली.

त्या बाईचं ऐकल्यावर परीक्षा बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ती एकदाच नको. आठवीला, दहावीला पुन्हा दार उघडावं, आणि जागा मोजक्या नसाव्यात. गावच्या शाळेत जादा तास घ्यायचे तर ज्याला येत नाही त्याचे आधी घ्यावेत. लागलेल्या पोराचा फ्लेक्स गाव लावतंच. जूनमध्ये 80 पोरं कागलला जातात, बाकीची त्याच गावात सहावीच्या वर्गात येऊन बसतात. त्यांच्यासमोर उभं राहून गुरुजी पहिल्या दिवशी काय बोलतात, यावर त्यांचं पुढचं वर्ष ठरतं.